जॅझ, रॅप आणि बोंडा

आमच्या ग्रुपमध्ये गाणी कमी आणि किस्से जास्त तयार होतात. गाणं फसलं की किस्सा होतो, आणि मी असल्यावर गाणं फसतंच! मी सांगलीचा. दिवसा अंबत्तूरच्या कारखान्यात गाड्यांचे पार्ट तपासतो, उरलेल्या वेळात मराठीत रॅप करतो. तोही चेन्नईत. हसा, हसा.

*

पहिला अल्बम आईला पाठवला. दोन दिवस वाट पाहिली. शेवटी मीच फोन केला.

"ऐकला रे. मागचं म्युझिक छान आहे," आई म्हणाली. "पण मध्येमध्ये कोण बडबडत होतं?"

त्या दिवशी ठरवलं, दुसऱ्या अल्बममध्ये जॅझ घालायचं. आणि कुणीतरी, एका तरी माणसाने, माझं कडवं शेवटपर्यंत ऐकलं पाहिजे. बस्स, एवढंच मागणं होतं.

*

जॅझला सॅक्सोफोन हवा. मिळाला तो सेल्वम, लग्नांत वाजवणारा. जॅझ म्हणजे काय, ते मी त्याला तासभर समजावलं.

तो म्हणाला, "म्हणजे मनाला येईल ते वाजवायचं? मग सार, मी चुकायचो ते सगळं जॅझच होतं की!"

रेकॉर्डिंगला माझं सगळ्यात दुःखी कडवं आलं आणि सेल्वमने असा काही जोरात सॅक्स फुंकला की माझा एक शब्द ऐकू येईना.

"अरे, हे काय?"

"सवय, सार. मंगळसूत्र बांधताना अशुभ काही कानावर पडू नये म्हणून आम्ही जोरात वाजवतो."

"पण तुला मराठी कुठे कळतं?"

"तुमचा चेहरा दिसत होता ना!"

*

कारखान्यात सगळे मागेच लागले, त्या कडव्याचा अर्थ सांग म्हणून. मीही मूर्ख, इंग्रजीत सांगितला: मी आतून तुटतोय, माझं कुणी ऐकत नाही, वगैरे. जेवणाच्या सुट्टीनंतर एचआरच्या मॅडमनी बोलावलं.

"मॅडम, ती कला आहे."

"हो हो," त्या अगदी मायेने म्हणाल्या. "पण लीव्ह हवी असेल तर सरळ माग ना."

*

आमचे घरमालक रावमामा. घराणं तंजावरकडचं, मराठी जुनी, हेल पक्का तमिळ. गच्चीवर कार्यक्रमाची प्रॅक्टिस करत होतो, तर मामा वर आले. वाटलं, आता घर खाली करायला सांगतात!

"अय्यो, कोणाशी भांडतोस?"

"मामा, हे रॅप आहे."

"मराठी आहे की हे!" म्हणून मामा खुर्ची ओढून बसले आणि मांडीवर ताल धरला. मला भरूनच आलं. अर्ध्यावर आलो, तेवढ्यात खालून मामींनी जेवायला हाक मारली.

"राहिलेलं कार्यक्रमात ऐकतो," मामा उठत म्हणाले. "शेवटपर्यंत बसतो. नक्की!"

*

कार्यक्रम नुंगंबाक्कममधल्या एका छोट्या हॉलमध्ये. माझ्या कडव्याला सेल्वमला गप्प बसवलं होतं. शब्द नीट कळावेत म्हणून मागे फक्त ड्रम ठेवला. तिथेच घात झाला! इकडच्या मैफिलीत गाणं थांबून नुसता मृदंग सुरू झाला की लोक कँटीनला गरम बोंडा खायला पळतात. ड्रम वाजला आणि रांगाच्या रांगा उठल्या. तोंडावर लाइट, मला फक्त दाराकडे जाणाऱ्या पाठी दिसत होत्या.

माझं डोकंच फिरलं. माइक ठेवला आणि गेलो त्यांच्या मागे. कँटीनमध्ये बाकावर उभा राहिलो आणि केलं सुरू! लोक टेबलावर ताल धरायला लागले. वाढपी मध्येच विचारतोय, "सार, चटणी?" पण मी थांबलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा कडवं शेवटपर्यंत झालं, टाळ्याही पडल्या! छाती फुगवून हॉलमध्ये परत आलो.

सगळ्या खुर्च्या रिकाम्या. पहिल्या रांगेत एकटे रावमामा, मांडीवर हात तसाच.

"अय्यो," मामा म्हणाले, "तुझं ऐकायचं म्हणून मी बोंडा सोडून बसलो, आणि तूच उठून गेलास?"