लॅपटॉपच्या पंख्यात निघालेला कापूस

कोरपन्याकडच्या मंडळींनो, दुपारपासून डोकं सुन्न आहे.

आठवडाभर लॅपटॉप रांगत होता. विंडोज नव्याने टाकली, तरी प्रोसेसर पाव वेगाच्या वर जाईना. आज शेवटी मागचं झाकण खोललं, तर पंख्यात कापसाचा बोळा. हवाच जात नव्हती, म्हणून तापून प्रोसेसर स्वतःच हळू होत होता.

भाव वाढेपर्यंत आमचाही कापूस घरातच भरलेला असतो. त्याच खोलीत मी काम करतो.

आई बोळा पाहून म्हणाली, "येवढा कापूस याच्या पोटात गेला कसा रे?" आणि खोकत बसली.

आई रोज त्याच खोलीत झोपते. तिचा खोकला आम्ही वयाचा समजून राह्यलो होतो.

तुमच्याकडे कापसाच्या खोलीत कोण झोपतं?