कोऱ्या नमुन्यातली खोट

पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर अण्णांना घरात दोनच कामं उरली: सकाळी दूध आत घेणं आणि दिवसभर कुणाच्या पायात न येणं. दुसरं जास्त अवघड. मुलगा-सून काही वाईट नव्हते. पण अण्णा बैठकीत बसले की सुनेचा झाडू त्यांच्या खुर्चीपाशी येऊन थांबायचा, आणि ते गुपचूप पाय वर घ्यायचे.

महिनाअखेरीला मात्र त्यांचा भाव वधारायचा. कचेरीतून फोन येई, "अण्णा, परत तेच! सरासरी दिसतच नाही, नुसतं सूत्र दिसतंय." लगेच सून डबा भरायला घ्यायची. मुलगा म्हणायचा, "बाबांना कामावर जायचंय, आधी त्यांची आंघोळ होऊ दे." त्या एका दिवसावर अण्णा बाकीचा महिना काढायचे.

भानगड साधी होती. टाक्यांच्या पातळीचा तक्ता संगणकावर असे. दर महिन्याला अण्णांनीच केलेल्या कोऱ्या नमुन्याची नक्कल काढून त्यात आकडे भरले जात. पण त्या नमुन्यात सरासरीच्या चौकटींचा प्रकार चुकून 'मजकूर' असा होऊन बसला होता. मग संगणक कशाला गणित करतोय? तो सूत्र जसंच्या तसं दाखवून मोकळा. कचेरीतले लोक आकडे खोडून पुन्हा भरत, संगणक बंद करून चालू करत, आणि शेवटी अण्णांना फोन लावत. "अडला हरी गाढवाचे पाय धरी," असं शिपाई पुटपुटायचा, पण चहा आधी अण्णांपुढेच ठेवायचा.

खोट कुठे आहे ते अण्णांना पहिल्याच खेपेला कळलं होतं. त्यांनी कोरा नमुना उघडलाही होता. तेवढ्यात साहेब म्हणाले, "अण्णा, तुम्ही नसता तर आमचं काय झालं असतं?" अण्णांनी नमुना तसाच मिटला आणि फक्त त्या महिन्याची नक्कल दुरुस्त केली. चौकटींचा प्रकार बदलला, एकेका चौकटीत शिरून एंटर दाबलं, आकडे उमटले. पुढे दर महिन्याला तेच. ही लबाडीच होती, उगाच गोड शब्द कशाला शोधा? पण महिन्यातून एकदाच हाक येणाऱ्या माणसाने ती हाक आपल्याच हाताने बंद करायची म्हणजे फार झालं.

मग कचेरीत नव्या मॅडम आल्या. अण्णांचं काम चाललेलं असताना त्या मागे उभ्या राहून बघत होत्या.

"काका, हे मूळ नमुन्यातच बिघडलेलं असणार, नाही का?"

"असेल," अण्णा म्हणाले आणि पुढच्या चौकटीत शिरले.

मॅडमनी नमुना उघडला, चौकटी दुरुस्त केल्या, एक नक्कल काढून खोटे आकडे भरून पाहिले. सरासरी पटकन आली.

"झालं! दर महिन्याला तुम्हाला एवढे जिने चढायला लावतो आम्ही. तुमच्या गुडघ्यांकडे बघवत नाही हो. आता नाही त्रास द्यायचा."

त्यांच्या बोलण्यात इतकी माया होती की अण्णांना रागावताही येईना. "छान केलंत," एवढंच म्हणून ते उठले.

पुढच्या महिनाअखेरीला फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"बाबा, या वेळी कचेरीवाल्यांनी बोलावलं नाही?" सुनेने विचारलं.

"बोलावलंय ना. तू बाजारात होतीस तेव्हा फोन आला."

सुनेने डबा भरला. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, आणि थेट मोठ्या दवाखान्यात जाऊन बाहेरच्या बाकावर बसले. तिथे बसलेल्या म्हाताऱ्याला कुणी काही विचारत नाही. दुपारी डबा तिथेच खाल्ला.

संध्याकाळी दार मुलानेच उघडलं.

"झालं का काम?"

"झालं."

मुलगा हसून आत बघत बायकोला म्हणाला, "बघ, अजूनही बाबांशिवाय त्या कचेरीतलं पान हलत नाही."

अण्णांनी रिकामा डबा सुनेच्या हातात दिला आणि खाली वाकून बराच वेळ चपला काढत राहिले.