बोलायची चोरी

इंग्रजी शब्दांची लग्नं लावणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होता आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. अकोल्याच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घरच्या ओसरीत शिकवणी उघडली. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजीत शब्द एकटा राहतच नाही, त्याची सोयरीक आधीच ठरलेली असते, आपण फक्त ती मोडायची नाही. ‘ब्रोकन’ आलं की मागून ‘इंग्लिश’ आलंच. ‘नेटिव्ह’ला ‘स्पीकर’, ‘लँग्वेज’ला ‘बॅरिअर’, ‘मदर’ला ‘टंग’. भाषेविषयीच्या जोड्या त्यांच्या खास लाडक्या, कारण त्या स्वतःबद्दलच बोलतात, असं ते म्हणत. एका लग्नात भर पंगतीत मी सहज ‘आज पाऊस स्ट्राँग आहे’ म्हणून गेलो. झालं! “पाऊस हेवी असते साडूभाऊ, अॅक्सेंटही हेवी असते. स्ट्राँग असते ते चहा. पावसाले स्ट्राँग म्हटलं का झाली फारकत!” मठ्ठा वाढणारा माणूस हे ऐकत जागच्या जागी उभा राहिला आणि आमच्या पुढची सगळी रांग कोरडी जेवली.

शिकवण्याची हातोटी मात्र विलक्षण. शेंदूरजनाघाटच्या एका विद्यार्थ्यानं विचारलं, “सर, लँग्वेज ‘पिक अप’ काहून करतात?” साडूबुवा म्हणाले, “तुमच्या बगीच्यात खाली पडलेली संत्री उचलता का नाई? तसंच. झाडावर चढाचं काम नाई, बगीच्यात फिरत राहाचं फक्त.” हे वाक्य मी अमरावतीला माझ्या ऑफिसात माझंच म्हणून खपवलं आणि त्यावर बराच भाव खाल्ला. गंमत अशी, की इंग्रजीच्या या सगळ्या जोड्या ते शिकवत अस्सल वऱ्हाडीत. पुस्तकात इंग्रजी, तोंडात वऱ्हाडी, मध्ये काही नाही. पुण्याच्या पाहुण्यांना ते ‘बसा’ म्हणाले तरी पाहुणे दचकून उठत. आणि ताई, म्हणजे माझी मेहुणी, त्यांच्या दुप्पट. नवराबायकोचं साधं बोलणं रस्त्यावर भांडणासारखं ऐकू येई. एकदा माडीवर नवीन आलेला भाडेकरू सोडवायला धावत खाली आला, तर दोघं वांग्याच्या भरतात तिखट किती घालायचं ते ठरवत होते.

त्या घराला दृष्ट लागली ती एका फोननं. त्यांची एकुलती लेक मुलाखतीसाठी पुण्याला गेली होती. तिथून रडत रडत तिनं सांगितलं, “बाबा, ते म्हणाले, हेवी मदर टंग इन्फ्लुअन्स.” साडूबुवांना आनंदाचं भरतं आलं. चारही शब्द कसे एकमेकांना शोभणारे, जुळलेले, खानदानी! एवढी देखणी वरात वाईट बातमी घेऊन येईल हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही. पोर आनंदानं रडते आहे असं समजून त्यांनी पेढे आणले आणि गल्लीत वाटून टाकले. दुसऱ्या दिवशी लेक घरी आली आणि तिनं उलगडून सांगितलं, की बोलण्यावर आईच्या भाषेची सावली पडते, या दोषासाठीच तिला नाकारलं होतं. शेजारचे लोक तेव्हाही अभिनंदन करायला येतच होते.

साडूबुवा दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, “पोट्टीची जीभ आपनच खराब केली.” त्या दिवसापासून घरात वऱ्हाडी बंद झाली. बोलायचं तर इंग्रजीत, नाहीतर पुस्तकातल्या मराठीत. ताईनं विचारलं, “मंग मी काय मुकी राहू?” ते म्हणाले, “थोडे दिवस.”

बिचारीनं प्रयत्न करून पाहिला. आम्ही एकदा जेवायला गेलो असताना तिनं पातेलं हातात धरून साडूबुवांना विचारलं, “आपण आणखी भाजी घेणार आहात का?” मला आणि बायकोला हसता हसता ठसका लागला. ताईही हसली. त्यानंतर तिनं विचारणंच सोडून दिलं, मुकाट्यानं वाढायची. घरात वऱ्हाडी बोलायची चोरी, म्हणून दुपारी ती शेजारच्या मुसलमान भाभीकडे जाऊन बसे आणि हिंदीत गप्पा मारी. “तिथं जाऊन तोंड मोकळं करून येतो, बाई,” असं तिनं माझ्या बायकोला फोनवर सांगितलं होतं. पुढं लेकीला नोकरी लागली, ती पुण्याला राहायला गेली. तरी बंदी उठली नाही. पोरगी सुट्टीत घरी आली आणि जीभ पुन्हा वळली तर?

ताईनं दुखणं अंगावर काढलं. दवाखान्यात नेलं तोवर डॉक्टरांच्या हातात फारसं उरलं नव्हतं. माझ्या बायकोनं कळवळून विचारलं, “अवो ताई, इतकं दुखून राहिलं होतं तं सांगतलं काहून नाई?” ताई खाटेवरून हसली. “शुद्ध मराठीत पोट कसं दुखते, ते मले नाई सांगता आलं, बाई.” ती थट्टाच होती, ताईचा स्वभावच तसा. माहेरी असतानाही ती दुखण्याचा उच्चार करत नसे. पण चहाचा थर्मास घेऊन साडूबुवा दारात उभे होते आणि त्यांनी ते ऐकलं. आम्ही पुष्कळ समजावलं. त्यांच्या मनातून ते वाक्य काही निघालं नाही.

ताई गेल्यावर शिकवणी बंद झाली. एकदा मला म्हणाले, “साडूभाऊ, डेड लँग्वेज ही जोडी मी पोरायले शिकवत आलो. वाटे, हजारो वर्षं लागत असतीन. एका घरातली भाषा तं एका बाईसंग जाते.” लेक रोज रात्री फोन करते, मायेनं चौकशी करते, पण तिची मराठी आता बातम्या देणाऱ्या बाईसारखी स्वच्छ झाली आहे. साडूबुवा “हो, हो” म्हणतात आणि फोन ठेवतात.

हल्ली ते दर रविवारी एसटीनं अमरावतीला आमच्याकडे येतात. काम काहीच नसतं. आणि इतका टापटीप माणूस, पण आमच्याकडे आला की अगदी ताळतंत्र सोडतो. चिखलाच्या चपला थेट स्वयंपाकघरात, मोरीचा नळ उघडा, ओला टॉवेल गादीवर. माझी बायको फटकळ, ती काही भाऊजी म्हणून गय करत नाही. मला वाटलं, दुःखानं माणूस विसराळू झाला. मग एका रविवारी पाहिलं, तर त्यांनी आधी इकडेतिकडे बघून घेतलं आणि काढलेल्या चपला पुन्हा पायात घालून ते आत गेले.

माझ्या बायकोचा आवाज हुबेहूब ताईसारखा आहे. इतकी वर्षं ऐकून माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

तिला मी सांगायला नको होतं. पुढच्या रविवारी साडूबुवांनी ताटात अर्धी भाकर टाकली, पाण्याचा तांब्या लवंडला आणि वाट पाहत बसले. ती ओट्याशी पाठ करून उभी होती. जरा वेळानं तेच हळूच म्हणाले, “काहून वो, आज काही बोलत नाई?” तिनं पदरानं डोळे पुसले, वळली आणि सुरू झाली. “तुमाले काई वाटते का भाऊजी, लहान लेकरू हाये का तुमी, हे पानी कोन पुसन, अन् भाकर का मी फेकाले केली होती...” पाणी जमिनीवर पसरत माझ्या पायापर्यंत आलं, पण पुसायला कोणी उठलं नाही. साडूबुवांनी डोळे मिटले होते आणि ते सावकाश भाकर चावत होते.