पंचविसावी गादी

भद्रावतीत सादिक पिंजाऱ्याला ओळखत नाही असं घर शोधायचं म्हटलं, तर अख्खा दिवस मोडावा लागला असता. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतला साहेब असो की बाजारातला चहावाला, ज्याच्या घरी लग्न निघालं तो आधी सादिककडे यायचा आणि मग मंडपवाल्याकडे जायचा. नवरीसोबत गादी जायची, आणि ती सादिकने भरलेली असली की मुलीकडच्यांची मान ताठ! हा मान आपल्याला आहे हे त्या माणसाला चांगलंच ठाऊक होतं. गिऱ्हाइकाने भाव पाडायला सुरुवात केली की तो पिंजायचा कमठा खाली ठेवायचा आणि गंभीर तोंड करून म्हणायचा, "असं करा भाऊ, तुमी चटईवरच झोपा. पाठीले चांगलं राह्यते."

बापाकडून त्याला दोन गोष्टी मिळाल्या होत्या, एक चांगली आणि एक वाईट. चांगली म्हणजे धंद्याची शिस्त. लोक गादीसाठी घरचा कापूस घेऊन यायचे. कुणी कोरपन्याकडच्या आपल्या शेतातला, कुणी बहिणीकडचा, कुणी आजीच्या जुन्या गादीतून काढलेला. दुकानात एका वेळी चार घरांचा कापूस पडलेला असायचा, पण ज्याचा कापूस त्याच्याच घरी जायला हवा, त्यात दुसऱ्याचा चिमूटभरही मिसळता कामा नये. एका गादीवरून उठून दुसरीला हात लावायच्या आधी बाप आपली दाढीसुद्धा झटकून घ्यायचा. सादिकला दाढी नव्हती, म्हणून तो भुवया झटकायचा आणि लोक त्याला हसायचे.

वाईट गोष्ट म्हणजे खोकला. बाप बावन्नाव्या वर्षी खोकत खोकतच गेला. सादिकला सेहेचाळिसाव्या वर्षी तसाच कोरडा खोकला लागला, तेव्हा बायको शमसुन्निसा त्याला एसटीत घालून चंद्रपूरला घेऊन गेली. डॉक्टरने छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "पिंजणं सोडा. नाही सोडलं तर माझं औषध पाण्यात गेलं समजा." सादिक म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पिंजणं सोडून करू काय, तुमच्यासारखी सुई टोचू?" डॉक्टर हसला. शमसुन्निसा हसली नाही.

हे नव्याण्णव सालचं. त्याच सुमारास गावात घरोघर केबल आली होती आणि टीव्हीवर एक बाई दिवसातून दहादा फोमच्या गादीवर पडून गोड हसायची. बघता बघता लग्नाच्या याद्या बदलल्या. दिवाण आला, त्यावर फोम आला. दहा लग्नांतली सात सादिकच्या दुकानासमोरून सरळ पुढे निघून जायला लागली. ज्यांच्या आयांच्या गाद्या त्याने भरल्या होत्या त्याच पोरी त्याला म्हणायच्या, "सादिकचाचा, कापसाची गादी आता कोन घेते?" तो वरवर हसायचा, पण आत लागायचं. का नाही लागणार? त्याने काही वाईट माल दिला नव्हता कुणाला.

आणि मग एक दिवस फोमच्या कंपनीचे साहेब खुद्द त्याच्याच दुकानात आले. गळ्यात टाय, हातात काळी बॅग, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. त्यांना भद्रावतीत एजन्सी द्यायची होती आणि गादी म्हटलं की गावात सादिकचंच नाव निघत होतं. अट अशी होती: दुकानात कापूस ठेवायचा नाही, पिंजायचा नाही. जुनी गादी आणून देईल त्याला नवीन फोममध्ये सूट. अशा पंचवीस जुन्या गाद्या तीन महिन्यांत गोळा झाल्या तर एजन्सी पक्की, नाहीतर हमरस्त्यावरच्या फर्निचरवाल्याला.

"जुन्या गाद्यांचं काय करता जी?" सादिकने विचारलं.

"नागपूरला नेतो. एका कारखान्याच्या भट्टीत जातात," साहेब म्हणाले.

सादिकची नजर कोपऱ्यातल्या कमठ्याकडे गेली. तो नाही म्हणणार होता, अगदी ओठावर आलं होतं. पण दुकानाच्या मागेच त्याचं घर, आणि मधल्या दारात शमसुन्निसा उभी होती. साहेब चहा पिऊन गेले आणि तिने तोंड उघडलं. "अजी, तुमचा मान घेऊन मी काय चाटू? कापसाचा धंदा तसाही बसून राह्यला. त्याच्यासोबत तुमाले काऊन बसायचं हाय? फोमात धूळ नाई, भुसा नाई. खुर्चीवर बसा, इस्त्रीचा शर्ट घाला अन् श्वास घ्या." असं बोलली आणि रडली. शमसुन्निसा बोलायला खमकी होती, पण रडायला तिला महामुश्किल, त्यामुळे सादिकचा निकाल तिथेच लागला.

दुकान धुतलं. पन्नास वर्षांची धूळ निघाली, तेव्हा भिंतीला हिरवा रंग होता हे पहिल्यांदा कळलं. बाहेर पाटी लागली, आत फोमच्या गाद्या उभ्या राहिल्या, आणि सादिक खुर्चीवर. बाजाराला तर आयतंच मिळालं! येणारा-जाणारा हात जोडायचा, "सादिकशेठ, राम राम! आज भुवया नाई झटकल्या?" सादिकही कमी नव्हता. म्हणायचा, "झटकल्या ना बापा, तुह्या डोळ्यांत नाई गेलं का?"

खरं सांगायचं तर माल खपत होता. लोकांचा त्याच्यावर विश्वास, आणि तो गिऱ्हाइकाला खोटं सांगत नव्हता. पाठदुखीवाल्याला पातळ नको म्हणायचा, गरिबाला महाग नको म्हणायचा. आणि खोकला? महिनाभरात निम्मा झाला. दोन महिन्यांनी तो न थांबता वसाहतीपर्यंत चालत जाऊन आला आणि घरी येऊन लहान पोरासारखं ते शमसुन्निसाला सांगितलं. त्या दिवशी तिने बिर्याणी केली.

एकच गोष्ट त्याच्याने सुटेना. सवलतीच्या बदल्यात आलेल्या जुन्या गाद्या दुकानाच्या मागच्या पडवीत रचलेल्या असायच्या. त्याने प्रत्येकीच्या कोपऱ्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, आणि चिठ्ठीवर घराचं नाव. साहेब एकदा बघून म्हणाले, "हे कशाला? सगळ्या जळणारच आहेत." सादिक म्हणाला, "हाताले खोड हाय साहेब." तीन महिने संपायला आले तेव्हा पंचवीस चिठ्ठ्या झाल्या होत्या. सोमवारी सकाळी साहेब एसटीने येणार, मोजणार, कागद करणार आणि दुपारी ट्रक गाद्या घेऊन जाणार असं ठरलं.

रविवारी दुपारी रुखमाबाई आली.

रुखमाबाईचा नवरा फॅक्टरीत होता. तो गेल्यावर ती गावातच मुलाजवळ राहत होती. मुलगा प्रफुल खाणीत कारकून. त्यानेच आईची जुनी गादी देऊन तिला फोम घेऊन दिला होता, हौसेने, आणि आपल्या हाताने पलंगावर घातला होता. साठीची बाई दुकानात आली, खुर्चीवर टेकली आणि पदराने तोंड पुसलं.

"सादिकभाऊ, मले झोप येऊन नाई राह्यली."

"काऊन बाई? माल खराब निघाला का?"

"माल चांगलाच असंल बाप्पा. पन त्याच्यावर पडलं का मानूस आत आत जाते, अन् मंग उठाले दोघं जन लागते. प्रफुलले सांगाची सोय नाई. त्यानं एवढ्या मनापासून आनला." मग म्हणाली, "माही गादी मले परत दे. फोमची सूट नको मले, तेवढे पैसे भरतो मी. तो कापूस माह्या मायच्या हातचा हाय. कोरपन्याकडं एक एकर जमीन घेतली होती मायनं. जलमभर दुसऱ्याच्या वावरात वेचला तिनं कापूस. स्वतःच्या वावरातला पयला कापूस निघाला, तो इकला नाई. माह्या लग्नाले गादी भर म्हने."

सादिकला ती गादी माहीत होती. त्याच्या बापाने भरली होती आणि मधे दोनदा त्याने स्वतः उकलून पिंजली होती. आखूड धाग्याचा देशी कापूस, आता तसा कुठे मिळतच नाही.

आता हिशेब साधा होता. गादी दिली तर चोवीस राहतात. चोवीस राहिल्या तर एजन्सी जाते. एजन्सी गेली तर पुन्हा तो कमठा, पुन्हा ती धूळ, आणि डॉक्टरने उजेडासमोर धरलेला तो फोटो. दिली नाही तर उद्या एका मायचा कापूस भट्टीत जातो. उद्या ये असं सांगून बाईला वाटेला लावता आलं असतं. उद्या ट्रक निघून गेलेला असता आणि त्याला दोषही कुणी दिला नसता.

सादिक उठला, पडवीत गेला आणि रुखमाबाईच्या नावाची चिठ्ठी असलेली गादी काढून आणली. सवलतीचे पैसे घेतले, तेही ती ऐकेना म्हणून. रिक्षावाल्याला हाक मारून गादी वर चढवली. बाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली.

मग त्याला घाम फुटला. ओळखीच्या दोन-तीन घरी जाऊन आला, जुनी गादी काढायची का म्हणून विचारलं, पण रविवारच्या संध्याकाळी कोण गादी काढून देतो? घरी आला. शमसुन्निसा तांदूळ निवडत होती.

"चोवीस राह्यल्या," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

तिने सुपातून मान वर केली. "तुमी दिली?"

"दिली."

"बरं केलं," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

तिने आदळआपट केली असती तर त्याला हलकं वाटलं असतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "साहेब कितीच्या गाडीनं येते?" तो म्हणाला, साडेनऊच्या.

सकाळी साडेनऊला सादिक स्टँडवर गेला. साहेब उतरले आणि वाटेतच त्याने सांगायला घेतलं, की एक गादी कमी आहे, आणि का कमी आहे. साहेब वाईट माणूस नव्हते. चालता चालता थांबले आणि म्हणाले, "सादिकभाई, अख्ख्या जिल्ह्यात तुमच्याइतका खप कुणाचा नाही. पण वरच्यांनी आकडा दिलाय, पंचवीस म्हणजे पंचवीस. माझ्या हातात काही नाही." सादिक म्हणाला, "समजलं जी." आणि खरंच त्याला समजलं होतं. कमठ्याला चढवायची तात कुठे ठेवली आहे तेही त्याला आठवून गेलं होतं.

पडवीत साहेब एकेका गादीवर हात ठेवून मोजायला लागले. मोजून झाल्यावर त्यांनी सादिककडे जरा रागानेच पाहिलं. "काय भाई, सकाळी सकाळी मस्करी करता? पंचवीस तर आहेत."

सादिकने स्वतः मोजल्या. पंचवीस. सगळ्यांत वर एक होती, निळ्या पट्ट्यांच्या खोळीची, आणि तिला चिठ्ठी नव्हती. त्याने हात लावला आणि डाव्या कोपऱ्यात त्याच्या बोटांना गाठ लागली. अख्ख्या गावाला सपाट गाद्या भरून देणाऱ्या माणसाने एकच गादी आयुष्यात गाठीची भरली होती. तेवीस वर्षांपूर्वी, निकाहच्या आदल्या आठवड्यात, सासऱ्याने पाठवलेल्या कापसाची. दोस्त दुकानात बसून चिडवत होते, याचे हात थरथरत होते, आणि एका कोपऱ्यात कापसाचा गोळा तसाच राहून गेला. पुढे किती वेळा म्हणाला, उकलून नीट करतो, पण शमसुन्निसा करू देईना. म्हणायची, "राहू द्या. तुमी एकदा तरी घाबरले होते, याचा पुरावा हाय तो."

"एक मिनिट साहेब," तो म्हणाला आणि मधल्या दाराशी गेला. ती तिथेच उभी होती, कंबरेला पदर खोचून. गादी ओढून आणताना दम लागलेला अजून उतरला नव्हता.

"हे काय केलं तुनं?" त्याने विचारलं. "भट्टीत जाईन ती! तुह्या बापाघरचा कापूस हाय तो!"

"मंग? माह्या बापाघरचा हाय, तं तो कोनाले द्याचा ते मी ठरवीन. काल तुमी कोनाले इचारलं होतं?"

"मी काढतो ती. सांगतो साहेबाले, चोवीसच हाय."

शमसुन्निसाने त्याचा हात धरला. बाहेर परका माणूस उभा असताना तिने असा हात कधीच धरला नव्हता. "अजी, कापूस दुसरा भेटते. गाठ पाह्यजे असंल तं तेही दुसरी करून घेऊ. तुमचा श्वास मी कोन्या दुकानातून आनू?"

सादिकने डोळ्यांतलं पाणी शर्टाच्या बाहीने पुसलं, इस्त्रीच्या, आणि ती चिडून म्हणाली, "शर्ट खराब करू नका, आज फोटो काढते म्हने साहेब." तो हसला, तीही हसली. मग तो पडवीत परत गेला आणि साहेबांनी दाखवलेल्या जागी त्याने सही केली.

दुपारी ट्रक आला. हमाल निळ्या पट्ट्यांच्या गादीला हात घालणार, तोच सादिक म्हणाला, "थांब भाऊ, ही मी चढवतो." त्याने गादी खांद्यावर घेतली, फळीवरून वर गेला, कोपऱ्यात नीट सपाट अंथरली आणि खाली उतरला.