नरहरींचं डोकं फिरलं नव्हतं

नरहरी जिचकार रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये फोरमन होते. मिलच्या धडधडाटानं कान गेले, आणि रिटायर झाल्यावर संध्याकाळची दारू नि झोपेची गोळी रोजचीच झाली. सत्तरी ओलांडल्यावर बायपास करायचं ठरलं. डॉक्टर देवश्रीनं विचारलं, "पीते हैं? नींद की गोली?"

बायको विनोदिनी तोंड उघडणार, तोच मुलगा शेखर म्हणाला, "नहीं मैडम, हमारे घर में ये सब नहीं चलता." त्याचा तो सोज्वळ चेहरा पाहून विनोदिनीला शिसारी आली. पण चारचौघांत पोराला खोटं कसं पाडायचं? तिनं रिपोर्टची फाईल पुढं सरकवली.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवसांनी मात्र नरहरी बिथरले. वरणात मिलचं तेल आहे म्हणून नर्सच्या अंगावर थुंकले. हाताची सुई उपसली, गाऊन फेकला, उघडेच पलंगावरून उतरू लागले. विनोदिनीकडे पाहून ओरडले, "ही बाई काहून माझ्या खोलीत फिरून राहिली?"

थुंकी, लघवी सगळं तिनं निमूट पुसलं. मागं वळली तर शेखर मोबाईलवर व्हिडिओ काढून राहिला होता. नातेवाईकांच्या ग्रुपवर व्हिडिओ पोचलाही. खाली हसरे चेहरे येत होते.

"बाबा तो पागल हो गए," तो हसला.

किळसेनं तिच्या अंगावर काटा आला. मोबाईल हिसकून ती म्हणाली, "पुस ते! माणूस हायेस का तू?" आणि तडक डॉक्टरकडे जाऊन दारू-गोळीचं सगळं सांगून मोकळी झाली.

"पहले बताना था, आंटी," देवश्री चिडली. वय झालेलं, दारू नि गोळी एकदम तुटलेली, त्यात कानानं ऐकू येत नाही. अशा माणसाला ऑपरेशननंतर भ्रम व्हायचा धोका फार, म्हणाली. "कान की मशीन कहाँ है?"

मशीन नि चष्मा शेखरच्या गाडीत होते. हरवतील म्हणून!

औषधं बदलली. कानात मशीन, डोळ्यांवर चष्मा आला. विनोदिनी उशाशी बसून घरचं बोलत राहिली. हळूहळू ते निवले, आणि एका सकाळी त्यांनी हाक मारली, "विनू."

घरी आले, पण पहिल्यासारखे नाहीत. पत्ते खेळताना हुकूम विसरतात, जवळच्या भैय्यालालच्या किराणा दुकानातून परतताना गल्ली चुकतात. कुणाचं सुधारतं, कुणाचं नाही, असं डॉक्टर म्हणते.

शेखर पेढे घेऊन आला. "आई, वो वीडियो तो मजाक था."

"तुझ्या हातचं मले गिळवत नाही," ती म्हणाली, आणि नरहरींना धरून फिरायला निघाली.