धुरात सुटलेली मॅच

एमिल दुशेकला कशाचीही सरासरी काढता येत असे, आणि विलो फोर्क गावाचं दुर्दैव असं की तो ती काढतही असे. रविवारच्या प्रवचनात आपण किती वेळा जागे राहिलो, बर्निसच्या कॅफेतल्या चेरी पायचा तळ किती वेळा कच्चा निघाला, रेडिओने सांगितलेला पाऊस किती वेळा खरोखर पडला, हे सगळं त्याच्यापाशी हजारी हिशेबात तयार असे. बेसबॉलच्या माणसांची रीतच ती. हजार वेळा बॅट घेऊन उभा राहिला असता तर किती हिट बसल्या असत्या, त्यावर माणसाची किंमत. तीनशे म्हणजे उत्तम. अडीचशे म्हणजे मुलीच्या बापाने विचार करायला हरकत नाही. दोनशे म्हणजे परत जाऊन गाई पिळ. फादर कूबेक यांची प्रवचनं तीनशे दहावर होती. रेडिओचा पाऊस दोनशेच्या खाली, म्हणजे गाई पिळण्याच्याच लायकीचा.

एमिलची स्वतःची सरासरी तीनशे चव्वेचाळीस. ती १९३७ सालची, नेब्रास्कातल्या सगळ्यात खालच्या दर्जाच्या पगारी लीगमधली. त्या लीगमध्ये खेळाडूंनाच मैदानावरचं गवत कापावं लागे आणि चेंडू ज्वारीत गेला तर पंचासकट सगळे शोधायला जात. तरीही ती पगारी होती, आणि तिच्यात एमिल पहिला नव्हता. पहिला होता हार्पर सिटीचा लॉयड प्रुइट, तीनशे सेहेचाळीसवर. मधे फक्त दोन. पुढच्याच वर्षी एमिलचा गुडघा गेला, त्यानंतर लीग गेली, आणि तो धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी कामाला लागला तो तिथेच चिकटला. काट्यावर दोन पौंडांचा फरक कोणी मोजत नाही. हार्पर सिटीत मात्र मोजत.

विल्माशी ओळख झाली त्या संध्याकाळी एमिल तीनशे चव्वेचाळीसबद्दल बोलला, लॉयड प्रुइटबद्दल बोलला, आणि विल्माबद्दल बोलायचं राहून गेलं. तरी तिने लग्न केलं. का, असं कोणी विचारलं तर ती म्हणे, "दारू पीत नव्हता. आणि मला वाटलं, लग्नानंतर विसरेल."

विसरायला लॉयडने संधी दिली असती तर ना. लॉयड गारपिटीचा विमा विकत असे. सहा फूट दोन इंच उंची, पांढरे बूट, आणि ढग नसतानाही समोरच्याला ढग दाखवणारा आवाज. दर गुरुवारी तो हार्पर सिटीहून विलो फोर्कला येई आणि बर्निसच्या कॅफेत शिरताच काउंटरवर बोटं वाजवून विचारी, "बर्निस, चँपियनसाठी कॉफी आहे का? आणि दुसऱ्या नंबरच्या माणसाला काय हवंय ते त्याला विचार."

"दुसऱ्या नंबरच्या माणसाला तू गेलेला हवायस," एमिल म्हणे.

असं चाळीस वर्षं चाललं होतं. दोघांपैकी एकाला सर्दी झाली तर दुसरा अस्वस्थ होई, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

१९७७च्या जूनमध्ये लिंकनहून मिस अ‍ॅडलेड फर्थ आल्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्यासारख्याच काही जणांनी बुडालेल्या लीगांचे आकडे नव्याने तपासून छापायचं मनावर घेतलं होतं. आपल्याला मुलंबाळं असती तर ही वेळ आली नसती, असं त्या स्वतःच सांगत. १९३७च्या लीगचा भाग तयार झाला होता, आठवड्याने छापायला जायचा होता. दोन हयात खेळाडूंना निकाल समक्ष सांगावा म्हणून त्यांनी गुरुवार निवडला.

मिस फर्थ येणार हे कळल्यापासून एमिलची झोप उडाली होती. तो कुणाला बोलला नव्हता, पण आपला हिशेब पुन्हा होणार याची तो चाळीस वर्षं वाट पाहत होता. कुठेतरी एखादी हिट हरवली असेल. एखादी चुकून दुसऱ्या दुशेकच्या नावावर गेली असेल. त्या लीगमध्ये तीन दुशेक होते. आज नाही सापडली तर पुस्तकात कायमचं छापलं जाणार होतं: दुसरा.

"इस्त्रीचा शर्ट?" सकाळी विल्माने विचारलं.

"कॉफीच प्यायची आहे."

"हो, दिसतंय. बूट पण पुसलेत. मी येते."

"तू कशाला?"

"हरलास तर तुला घरी कोण आणणार? लॉयड?"

कॅफेत नेहमीचे आठ-दहा जण होते, आणि त्या दिवशी त्यांतला एकही कॉफी संपवून उठायला तयार नव्हता. मिस फर्थ यांनी वेळ घालवला नाही. लीगच्या यादीतल्या प्रत्येक मॅचचा तक्ता त्यांनी त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून काढून पाहिला होता. तिघे दुशेक वेगवेगळे केले होते. "मिस्टर प्रुइट, तीनशे शहाण्णव वेळा बॅटिंग, एकशे सदतीस हिट. तीनशे सेहेचाळीस. मिस्टर दुशेक, तीनशे एकोणनव्वद वेळा, एकशे चौतीस हिट. तीनशे चव्वेचाळीस. जुना आकडा बरोबर आहे. मला वाईट वाटतं."

बर्निसने उगाच काउंटर पुसला. एमिलने मान हलवली, जसा तो एखाद्या शेतकऱ्याचं धान्य कमी भरल्यावर हलवी. चौसष्टाव्या वर्षी यापुढे त्याचा हिशेब पुन्हा कोणी करणार नव्हतं.

लॉयडने चँपियनची कॉफी मागितली नाही. तो खुर्ची ओढून एमिलजवळ बसला आणि एकदम म्हणाला, "बाईंना धुराची मॅच सांग."

"तूच सांग."

"तू चांगली सांगतोस. माझ्या पडझडीचा भाग तर फारच चांगला सांगतोस."

लॉयडला एमिलचं सांत्वन करायचं होतं हे सगळ्यांना कळलं, म्हणून कुणी हसलं नाही. एमिल मग सांगू लागला, आधी ओढून ताणून, मग रंगात येऊन. जुलैचा महिना, हार्पर सिटी विरुद्ध विलो फोर्क, इथल्याच मैदानावर. रुळांपलीकडे मालगाडीच्या ठिणगीने गव्हाच्या कापलेल्या शेताला आग लागली. धूर मैदानावर आला. चेंडू टाकणारा पिचर दिसेना, चेंडू आवाजावरून ओळखायचा.

"याला ओळखता येत होता," लॉयड म्हणाला. "पाच वेळा उभा राहिला आणि चार वेळा हाणला. मांजराचे डोळे लेकाच्याचे. मी पाच वेळा गेलो आणि पाचही वेळा बॅटने धूर कापला."

"चौथ्या वेळी तर," एमिल म्हणाला, "चेंडू मागे बसलेल्या कॅचरच्या हातात पोचल्यावर याने बॅट फिरवली. पंच म्हणाला, प्रुइट, ही पुढच्यासाठी धरू का?"

आता लोक हसले. गावातल्या प्रत्येकाला ही मॅच पाठ होती. ज्यांचा तेव्हा जन्म झाला नव्हता त्यांनाही धुराने डोळे चुरचुरल्याचं आठवत असे. मॅचची बातमी आणि धुराचा फोटो कॅफेत पायच्या कपाटावर चौकटीत टांगलेला होता.

"मग निकाल काय लागला?" मिस फर्थ यांनी विचारलं.

"काही नाही. सात-सात. पंचाला पंच दिसेना, तेव्हा बरोबरीत सोडली. ऑगस्टमध्ये पहिल्यापासून पुन्हा खेळवली."

"त्यात माझ्या चार हिट," लॉयड म्हणाला. "हवा स्वच्छ होती."

मिस फर्थ यांचा चमचा कपात थांबला. "किती डाव झाले होते? धुराच्या मॅचमध्ये?"

"दहा."

"नक्की दहा?"

"बाई, दहावा डाव मी खोकत काढलाय," लॉयड म्हणाला. "मी कसा विसरेन?"

"ही मॅच लीगच्या यादीत नाही."

"कशी असेल? बरोबरीत सुटली. पुन्हा खेळवली की."

"मिस्टर प्रुइट," मिस फर्थ शांतपणे म्हणाल्या, आणि चाळीस वर्षं वर्गात कोणी बोललं तर ज्या आवाजाने त्या गप्प बसवत तोच आवाज बाहेर आला, "पाच डाव झाले की मॅच झाली. बरोबरीत सुटली तर निकाल पुन्हा लावायचा, पण खेळलेलं खेळलेलंच राहतं. हिट पुसायच्या नसतात. सगळ्या लीगांत हाच नियम. तुमच्या लीगचा सेक्रेटरी कोण होता?"

"रॅस्मुसेन. अंत्यविधीचं दुकान होतं त्याचं," बर्निस म्हणाली.

एवढ्यावरून सगळ्यांना सगळं समजलं. रॅस्मुसेन नेटका माणूस. जे पुरून झालं ते वर काढायचं नाही, आणि ज्याचं काय झालं तेच ठरत नाही त्याची नोंद करायची नाही, हा त्याच्या धंद्याचा शिरस्ता होता. त्याने मॅच खोडली. आणि विलो फोर्क व हार्पर सिटी या दोन्ही गावांनी चाळीस वर्षं त्या चार हिट हजारदा ऐकल्या, सांगितल्या, वाढवल्या, पण बेरजेत धरायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. एमिलच्याही नाही. सरासरी काढायला त्याने फादर कूबेकना सोडलं नव्हतं.

"मला तक्ता लागेल," मिस फर्थ म्हणाल्या. "नुसत्या सांगण्यावर छापता येणार नाही."

सगळ्यांच्या माना पायच्या कपाटाकडे वळल्या. चौकटीत फोटो होता, मथळा होता, तक्ता नव्हता.

"आईने कागद मागे दुमडलाय," बर्निस म्हणाली. "चौकट लहान पडली म्हणून. पण मला स्टुलावर चढायला सांगू नका, माझी कंबर."

स्टूल न लागणारा कॅफेत एकच माणूस होता. सगळ्यांनी लॉयडकडे पाहिलं. लॉयडने एमिलकडे पाहिलं.

"नको काढूस," एमिल म्हणाला. असं म्हणायचं त्याने ठरवलं नव्हतं.

"गप रे. मागे तुझं काय लिहिलंय ते बघू दे. इतकी वर्षं तू पाचात चार सांगतोयस. तीन निघाल्या तर तुला गावातून हाकलून लावतो." लॉयडने हात वर करून चौकट उतरवली, खिळे नखाने वाकवले, कागद उलगडला आणि चष्मा लावला. मग विम्याची अट वाचावी तशा स्वच्छ आवाजात त्याने वाचलं, "प्रुइट, तिसरा बेस. पाच वेळा. शून्य." थोडं थांबून, "दुशेक, सेंटर फील्ड. पाच वेळा. चार."

मिस फर्थ यांनी पेन्सिल काढली. पण एमिलला पेन्सिल लागत नव्हती. तीनशे चौऱ्याण्णव वेळा, एकशे अडतीस हिट. आकडा त्याच्या डोक्यात येऊन उभा राहिला तेव्हा बाई अजून भागाकाराची रेघ मारत होत्या. इतका मोठा आकडा त्याने स्वप्नातही पाहिला नव्हता; स्वप्नात तो नेहमी तीनशे सत्तेचाळीसवर समाधान मानी. त्याने इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

"मिस्टर प्रुइट, तीनशे बेचाळीस," मिस फर्थ म्हणाल्या. "मिस्टर दुशेक…"

"साडेतीनशे," विल्मा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"काय बघताय? या माणसाशी लग्न होऊन अडतीस वर्षं झाली. भागाकार मलाही येतो."

कॅफेतला आवाज रस्त्यापलीकडच्या बँकेत ऐकू गेला. बर्निसने काउंटरवरची घंटा वाजवली, कुणीतरी एमिलची पाठ इतक्या जोराने थोपटली की चष्मा पडला. लॉयड कागद हातात धरून उभाच होता.

"माझ्यासारखा साक्षीदार कुठल्या वकिलाला मिळायचा नाही," तो म्हणाला. "चाळीस वर्षं स्वतःच्या तोंडाने जबानी देतोय. तीही लोकांना कॉफी पाजून."

"वाईट वाटलं?" एमिलने विचारलं.

"वाटलं. फार वाटलं." लॉयडने कागदाची घडी नीट केली. "आता हार्पर सिटीत कुणाला तोंड दाखवू? मी इथेच राहायला येतो. तुझी वरची खोली रिकामी आहे ना?"

"तीनशे बेचाळीसवाल्यांना आम्ही भाड्याने देत नाही," एमिल म्हणाला, आणि मग दोघंही इतके हसले की दोघांनाही खोकला आला. पाणी मात्र विल्माने एमिलला आधी दिलं.

पुस्तक जुलैत छापून आलं. तेव्हा गव्हाची कापणी जोरात होती आणि काट्यावर गाड्यांची रांग लागलेली. रविवारच्या मॅचआधी मैदानावरच्या लाउडस्पीकरवरून फादर कूबेक यांनी आकडा दोनदा वाचला, सगळे उभे राहिले, आणि एमिलने टोपी काढून ती परत घालायची की नाही हे न सुचल्याने हातातच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे काट्याच्या खिडकीत होता. पहिली गाडी काट्यावर चढली. शेतकऱ्याने काच खाली करून विचारलं, "काय एमिल, किती?"

"साडेतीनशे," एमिल म्हणाला.

"मी गव्हाचं विचारतोय."

"गव्हाचं सांगतो की," एमिल म्हणाला, आणि काट्याकडे वळायला त्याने जराही घाई केली नाही.