चांदणी, जाळी, चांदणी, जाळी

रविवारी अकरा वाजायच्या आत अंबिकाबाईंची तयारी झालेली असायची. पूजा आटोपलेली, वरणाचा कुकर उतरवलेला, चष्मा पुसलेला. ओट्यावर पाट, पाटावर शंभर पानी वही, वहीत खोचलेलं पेन. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा. पुणतांब्यात गोदावरीच्या बाजूला, देवळामागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. एकतीस वर्षं बालवाडी चालवली. यजमान शरच्चंद्र हायस्कुलात संस्कृत शिकवायचे, त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा अनिमेष बंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत.

फोन अनिमेषचाच जुना. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, "आई, कंपनीने या फोनला कधीच सोडून दिलंय. मी यात दुसरं सॉफ्टवेअर घालतो, अजून पाच वर्षं पळेल." रात्रभर वायरी लावून बसला. सकाळी फोन उघडला तर कंपनीचं नाव गायब, त्या जागी एक निळी चकती फिरत होती. फोन पळायला लागला, हे खरं. पण संक्रांतीच्या सुमारास त्याने तिकडून सांगून एक अपडेट घ्यायला लावलं, आणि नेट मेलं. बोलणं व्हायचं, पण कीर्तन लावलं की महाराजांचा हात वर जायचा तो वरच. मध्ये ती चकती गरगर गरगर.

श्रीरामपूरला कल्याण नावाच्या मुलाच्या मोबाईलच्या दुकानात दाखवलं. त्याने फोन उलटापालटा केला आणि परत दिला. "काकू, यात कंपनीचं सॉफ्टवेअरच नाही. म्हणत असाल तर सगळं पुसून कंपनीचं घालतो."

"नको रे. मुलाने हाताने घातलंय ते."

मग अनिमेषनेच मनावर घेतलं. त्याने केलेलं काम बिघडावं हे त्याला लहानपणापासून खपत नसे. एरवी महिन्याकाठी एक फोन यायचा. जेवलीस का, गोळ्या घेतेस का, बरं ठेवतो. आता दर रविवारी अकराच्या ठोक्याला.

"आई, नंबर लावायचा तिथे जा. स्टार दाब."

"स्टार म्हणजे ती चांदणी ना?"

"हो, चांदणी. मग हॅश."

"जाळी."

"जाळी! परत चांदणी, परत जाळी. मग चार सहा तीन सहा. आणि मग उलटं."

उलटं म्हणजे जाळी, चांदणी, जाळी, चांदणी. तेवढं केलं की फोनच्या पोटातली एक यादी उघडायची, सगळी इंग्रजी. अंबिकाबाईंची एबीसीडी पाचवीत सुरू झालेली. त्या एकेक अक्षर वाचायच्या आणि तो तिकडे हूं हूं करत थांबायचा.

"पी... आर... ई... एफ..."

"थांब थांब, तेच! त्याच्याखाली काय लिहिलंय?"

"डब्ल्यू, सी, डी..."

"बघ, परत जुन्या थ्रीजीवर गेलंय! त्याला टिचकी मार. एल टी ई, म्हणजे फोरजी, दिसतंय?"

"दिसतंय. एल टी ई, मग तिरकी रेघ."

"तेच दाब. शाब्बास!"

शाब्बास! पन्नाशीला टेकलेला मुलगा सत्तरी ओलांडलेल्या आईला शाब्बास म्हणतो, आणि आई लाजते. मध्येच फोन कट व्हायचा. पण तो परत करायचा, दर वेळी करायचा. चाळीस मिनिटं, कधी तास. अक्षर शोधता शोधता इकडचं तिकडचं निघायचं. सून यामिनीने बाल्कनीत कढीपत्ता लावलाय. त्याचे गुडघे दुखतात. लहानपणी वडिलांचा रेडिओ खोलून ठेवला होता आणि एक स्क्रू उरला, तो बाईंनी तांदळाच्या डब्यात लपवला होता, ते आठवून दोघं हसले.

नेट सुरू व्हायचं. सोमवारी सकाळी पुन्हा चकती.

"असं कसं होतं?" अनिमेष चिडायचा. "मी सोडणार नाही याला."

असे तेरा रविवार गेले.

रामनवमी त्या वर्षी रविवारीच आली. सकाळी चांदणी-जाळी झालं, दुपारी देवळात जन्म झाला, सुंठवडा खाल्ला आणि तिन्हीसांजेला बाईंना ताप भरला. दिवा कसाबसा लावून त्या आडव्या झाल्या त्या उजाडेपर्यंत. सोमवारी शेजारची राहीबाई दुधाची कासंडी घेऊन आली. बाई झोपून आहेत असं बघून तिने आपणच कीर्तन लावलं.

"बाई, आज तर लई झ्याक चाललंय की! रातच्याला काय खाऊ घातलं फोनला?"

महाराजांचा हात वर जात होता, खाली येत होता. बाई उठून बसल्या. काल काय वेगळं झालं? आणि एकदम लक्षात आलं. काल शेजारती राहिली होती.

शरच्चंद्रांची पद्धत होती. नऊ वाजता देवांना शेजारती करायची, पडदा ओढायचा आणि मग घरातली यंत्रं निजवायची. टीव्हीची पिन काढायची, फोन बंद करायचा. "यंत्रालाही विसावा लागतो," म्हणायचे. ते गेले तरी बाईंनी यातलं काही मोडलं नव्हतं. फोन बंद करून सकाळी चालू केला की अनिमेषने करून घेतलेलं सगळं पुसलं जात होतं. एवढंच होतं ते.

त्यांनी करून पाहिलं. सोमवारी रात्री फोन बंद केला, मंगळवारी चकती. वही उघडून एकटीनेच चांदणी-जाळी केलं, अक्षरं जुळवली, जमलं. त्या रात्री फोन चालू ठेवला. बुधवारी कीर्तन वाहत्या पाण्यासारखं.

राहीबाईला सांगितलं तर ती दारातच बसली.

"पोराला सांगू नका, बाई. चालू झालं म्हनल्यावर कोन फोन करतंय?"

"अगं, खोटं कसं बोलू?"

"खोटं कुटं? तुमी नुसतं गप ऱ्हायचं. रोज बंद करताच की. आजपासून करता व्हय?"

बरोबरच होतं. नवीन काहीच करायचं नव्हतं, जे चालत आलं तेच चालवायचं. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी बाईंनी शेजारती केली आणि बटण दाबून धरलं. शनिवारीही धरलं. पडदा ओढायचा राहिला होता. रामाच्या मूर्तीकडे लक्ष गेलं. बाईंना वाटलं, आजवर तुझ्यामागोमाग फोन निजत होता. आता मी तुला रविवारच्या फोनसाठी निजवते आहे. त्यांनी बोट काढलं. वही उघडून एकदा चांदणी-जाळी केलं आणि फोन चालूच ठेवला.

रविवारी अकराला तो वाजला.

"हां आई, काय म्हणतोय पेशंट? मी एक नवीन फाईल शोधलीय, आज—"

"सापडलं रे," बाई म्हणाल्या. "मी रात्री फोन बंद करायचे ना, त्यानेच जायचं. आता चालू ठेवते. छान चालतंय."

तो तिकडे मोठ्याने हसला. "आई! तीन महिने! आणि मी इथे वेड्यासारखा... चला, सुटलो बाबा."

"सुटलास," बाई म्हणाल्या.

दोन मिनिटंही झाली नव्हती. कुकर अजून निवला नव्हता.

पुढच्या रविवारी बाईंनी पाट मांडला नाही, पण फोन मात्र तांब्याला टेकवून ठेवला. त्याच्या पुढच्या रविवारी अकराला त्यांनी अंगणातला वाळवणाचा कपडा दोनदा झटकला. तिसऱ्या रविवारी वही काढून बसल्या आणि स्वतःच व्हिडिओ फोन लावला. नेट चांगलं होतं. अनिमेषचा चेहरा लख्ख उमटला, मागचा कढीपत्तासुद्धा.

"काय झालं आई? परत बिघडलं?"

"नाही रे. चांगलं चालतंय."

"मग?"

बाईंनी वहीकडे पाहिलं. चांदणी, जाळी, आकडे, तिरकी रेघ, सगळं ओळीने लिहिलेलं होतं. मग काय म्हणायचं ते कुठल्याच पानावर नव्हतं.

"तुझे कानाजवळचे केस पांढरे झालेत," त्या म्हणाल्या. "आधी दिसत नव्हते."

"हो का?" त्याने कानाला हात लावला. मग मागे वळून कोणाला तरी "आलो, आलो" म्हणाला. "आई, मी जरा वेळाने करू?"

"कर की."

चेहरा गेला. बाईंनी फोन तांब्याला तसाच टेकवून ठेवला आणि वरणाला फोडणी द्यायला उठल्या. फोडणी तडतडली तेव्हा त्यांनी गॅस बारीक केला. फोन वाजला तर ऐकू यायला हवा.